घातांकाला डोक्यावर चढवू नका

विज्ञानाची प्रश्नपत्रिका टंकित करण्याचे काम आपल्या गळ्यात पडले असेल, तर एक पथ्य कसोशीने पाळावे: अंकांना डोक्यावर चढवू नये. वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्टसह अधिकच्या चिन्हाची कळ दाबली की निवडलेला अंक लहान होऊन वर जातो, आणि शिफ्ट वगळून तीच कळ दाबली की खाली बसतो, असे कोणी सांगू लागल्यास विषय बदलावा. क्षणात उरकणाऱ्या कामाला कष्टाचे मोल नसते. त्याऐवजी, समजा दहाचा आठवा घात लिहायचा असेल, तर घातांकातला आठ वरच्या ओळीत लिहून, स्पेसबार दाबत दाबत त्याला दहाच्या उजव्या खांद्यावर आणून बसवावे. टंकलेखन यंत्राचा रूळ अर्धी ओळ फिरवणाऱ्या पिढीचे संस्कार असेच टिकतात. पुढे कोणी फॉन्ट बदलला आणि तो आठ भलत्याच शब्दाच्या माथ्यावर जाऊन बसला, तर तो त्या आठाचा स्वभाव समजावा.

ज्यांनी आगाऊपणे सुपरस्क्रिप्ट, म्हणजे अंक वर चढवण्याची ती सोय, वापरलेच असेल, त्यांनी मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवून पाठवावा. वर चढवणे हे निव्वळ स्वरूपण असल्यामुळे साध्या मजकुरात अंक मुकाट्याने खाली उतरतो, आणि प्रकाशाचा वेग ३ × १०८, म्हणजे सेकंदाला ३२४ मीटर होतो. २० अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सुमारे ३४३ मीटर जात असल्याने, यापुढे आधी गडगडाट ऐकू येईल आणि मागाहून वीज चमकेल. इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्य १.६ × १०-१९, म्हणजे उणे ३ कूलोम निघते. निदान चिन्ह तरी बरोबर आले, हे नशीब. अंशचिन्हाऐवजी शून्य वर चढवण्याची सवय असेल, तर पाणी थेट १००० ला उकळेल. पाण्याच्या सूत्रातला दोन खाली न बसल्यामुळे मात्र आजवर कोणी तहानलेले राहिलेले नाही.

युनिकोडमधले, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचातले, तयार घातांक वापरावेत म्हणाल, तर ते इंग्रजी अंकांपुरतेच आहेत. सामवेदाच्या स्वरांकनासाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक तेथे आहेत, बिचाऱ्या दहाच्या घातासाठी नाहीत. तेव्हा भौतिकशास्त्र गाऊन शिकवण्याची तयारी असावी.

एवढे करूनही एखाद्या पालकाने तक्रार केलीच, तर १०८ हा जपमाळेतल्या मण्यांचा पवित्र आकडा असल्याचे नम्रपणे सांगावे आणि त्याच दिवशी, त्याच पद्धतीने शुद्धिपत्र पाठवावे: ‘प्रश्न ४ मध्ये १०८ ऐवजी १०८ असे वाचावे.’