'डाउनहिलला क्लिपलेसच लागतात' म्हणे

माउंटन बाइकच्या पेडलवरचा तो मेसेज परत एकदा फिरतोय. ह्या वेळी मला एकाच दिवसात तीन जणांकडून आला, त्यातला एक माझ्या भाच्याकडून, खाली प्रश्न, 'मामा हे खरंय का? पेडल बदलू का मी?' त्याच्याकडे हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) आहे, टेकडीवर आठवड्यातून दोनदा जातो, आणि उतारावर अजून मागचाच ब्रेक जास्त दाबतो. म्हणजे पेडल हा त्याचा सध्याचा प्रॉब्लेमच नाही, पण ते असो.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा: डाउनहिल, म्हणजे खडबडीत उतारावरून सायकल जोरात खाली नेणं, सिरियसली करायचं तर फ्लॅट पेडल (सपाट, पिनांचं, बूट मोकळा ठेवणारं) काढून टाका, ते नवशिक्यांचं काम. क्लिपलेसने, म्हणजे ज्यात बूट अडकतो त्या पेडलने, ३० टक्के जास्त पॉवर मिळते, वर्ल्ड कपमधले सगळे क्लिपलेसवरच असतात, खडकाळ उतारावर पाय उडत नाही, बनी हॉप (सायकलसकट उडी) सोपा जातो, आणि पेडलच्या पकडीचं टेन्शन कमी ठेवलं की पडताना पाय आपोआप सुटतो. शेवटी फ्लॅटच्या पिनांनी फाटलेल्या नडगीचा फोटो, घाबरवायला.

आधी नावाचा घोळ, कारण भाच्याचा पहिला प्रश्न तोच होता की बूट जर क्लिप होतो तर त्याला क्लिपलेस का म्हणतात. पूर्वी रेसवाल्यांच्या पेडलला पुढे पिंजऱ्यासारखी टो क्लिप आणि पट्टा असायचा, ती क्लिप गेली म्हणून क्लिपलेस. लुक कंपनीने १९८४ मध्ये रोड सायकलसाठी आणलं, पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने त्यावर टूर द फ्रान्स जिंकली, मग शिमानोने १९९० मध्ये एसपीडी नावाचं पेडल आणलं आणि माउंटन बाइकवाल्यांना बुटाच्या तळाच्या आत दडलेला छोटा क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) मिळाला ज्याच्यावर चालताही येतं; पुढे मी नुसतं 'क्लिप' म्हणतो ते हेच क्लिपलेस पेडल. झालं.

आता ते ३० टक्के. हा आकडा आला कुठून देव जाणे. थिअरी अशी की क्लिप असली की पाय वर येताना पेडल ओढता येतं, म्हणजे डबल ताकद. ऐकायला बरोबर वाटतं. पण हे लोकांनी लॅबमध्ये मोजलंय. २००७ मध्ये कॉर्फ आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी सायकलिस्टना मुद्दाम वर ओढायला लावलं तर शरीराची एफिशिअन्सी उलट कमी झाली. २०१६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या स्ट्रॉ आणि क्रॅम यांनी साध्या पळायच्या बुटांवर फ्लॅट पेडल, मग टो क्लिप, मग क्लिपलेस असं सगळं मारायला लावलं, मध्यम जोरात शरीराच्या एनर्जीच्या खर्चात फरक सापडला नाही. फुल स्प्रिंट मारताना, उभं राहून जीव खाऊन, तेव्हा क्लिपचा उपयोग होतो हे मान्य, स्टार्ट गेटमधून निघताना कोणीही सांगेल. पण आपण बोलतोय डाउनहिलबद्दल! उतारावर पेडल मारतो किती वेळ?

आणि ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे लिओगांग, ऑस्ट्रिया, २०१५ चा वर्ल्ड कप. आरॉन ग्विनची चेन स्टार्टलाच तुटली. अख्खा ट्रॅक तो एकही पेडल न मारता आला, फक्त पंप करत (उंचसखल जागी अंगाने सायकल दाबून वेग मिळवत) आणि ब्रेक कमीत कमी दाबत, आणि जिंकला! दुसरा आलेला कॉनर फिअरन ०.०५ सेकंदाहूनही कमी फरकाने मागे राहिला, आणि हा फिअरन म्हणजे फ्लॅट पेडलवाला म्हणून ओळखला जाणारा माणूस. आता ग्विन क्लिपवर होता हे खरं, त्यामुळे मेसेजवाला म्हणेल बघा क्लिपवाला जिंकला. जिंकला ना, पण पॉवरने नाही जिंकला, चेनच नव्हती तर पॉवर जाणार कुठून.

'सगळे प्रो क्लिपलेसवर असतात.' ह्यात निम्मं खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. वर्ल्ड कप डाउनहिलमध्ये आज बहुतेक जण क्लिपवर आहेत, ग्रेग मिनार, लोइक ब्रुनी, ग्विन हे मोठे विजेते सगळे क्लिपवाले. पण 'सगळे' म्हटलं की सॅम हिल आठवतो. ऑस्ट्रेलियाचा हा गडी जवळजवळ आयुष्यभर फ्लॅटवर रेस मारत आला, २००६, २००७ आणि २०१० असा तीनदा डाउनहिलचा वर्ल्ड चॅम्पियन, २००७ आणि २००९ ला वर्ल्ड कपची ओव्हरऑल. २००७ चा स्वित्झर्लंडमधल्या शाम्पेरीचा रन बघा, धो धो पाऊस, तसल्या उभ्या उतारावर बाकीचे जीव मुठीत धरून येत होते आणि हा असा आला की तिसरा नंबर येऊनही लोक आजपर्यंत त्याच्याच रनबद्दल बोलतात. २००८ ला इटलीत वाल दी सोलेला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये अगदी शेवटाजवळच्या वळणावर घसरला, उठला, तरी ब्राँझ. मग डाउनहिल मागे पडल्यावर एंड्युरोत गेला, जिथे रेसच्या दिवशी चढावरही तास न् तास पेडल मारावं लागतं, म्हणजे मेसेजच्या हिशोबाने तिथे तर फ्लॅटवाल्याने शेवटी यायला पाहिजे, आणि एंड्युरो वर्ल्ड सीरीज २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षं जिंकला. फ्लॅटवर. रँपेजसारख्या फ्रीराइडमध्ये (कड्यांवरून उड्या आणि करामतींच्या स्पर्धेत) तर फ्लॅटच जास्त दिसतात, हवेत पाय काढायचा असतो ना त्यांना.

एकट्या सॅम हिलवरून फ्लॅट चांगले असं मी म्हणत नाहीये, तो मुळात वेगळ्याच मातीचा माणूस आहे. प्रो लोक क्लिप लावतात कारण त्यांचा स्पीड, त्यांचे ट्रॅक आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाची मारामारी ह्या सगळ्यात पाय एकदा जरी जागचा हलला तरी रेस गेली. तुमची माझी टेकडीवरची रेस कोणाशी असते? सकाळी फिरायला आलेल्या काकांशी, आणि त्यांना आधी वाट द्यायची असते.

आता खरा मुद्दा, आणि मेसेजमध्ये हा एकच पॉइंट असा आहे की ज्याने नवीन माणूस खरंच पैसे खर्च करायला निघतो. खडकाळ उतारावर पाय उडतो. हो, उडतो. माझाही उडायचा, दोन सीझन उडायचा. पण का उडतो ते बघितलंच नाही आणि क्लिप लावली तर पाय जागेवर राहतो आणि कारण तसंच राहतं, मग ते दुसरीकडून बाहेर येतं, कोपरातून नाहीतर कॉलरबोनमधून.

बघा, पुढचं चाक दगडावर आपटलं की सायकल मंदावते आणि तुमचं अंग पुढे जात राहतं. त्या क्षणी चवडा खाली आणि टाच वर असेल तर पाय पेडलवरून पुढे घसरून जातो, घसरगुंडीच ती. टाच खाली असेल तर तोच धक्का बुटाला पिनांमध्ये रुतवतो. एवढंच आहे ते, टाच खाली. पण सपाटीवर आपण सगळे आयुष्यभर चवड्याने पेडल मारत आलो, लहानपणी घरातली मोठी सायकल सुद्धा मध्ये पाय घालून तशीच चालवली, त्यामुळे पायाला ती सवय लागायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे पाय पेडलवर थोडा पुढे सरकवून ठेवायचा, पेडलची एक्सल (मधला दांडा) चवड्याच्या गादीच्या जरा मागे आली पाहिजे, म्हणजे पोटरीवर ताण कमी येतो आणि घोटा शॉकसारखा काम करतो. गुडघे सैल. सीट खाली, प्लीज सीट खाली, निम्मे लोक ड्रॉपर (बटणाने सीट खाली नेणारा दांडा) असूनही वापरत नाहीत!

मग बूट. हे मी भाच्याला दहा वेळा सांगितलं असेल. पळायच्या बुटाचा फोमचा मऊ सोल पिनांवर धरत नाही, दगडांचा मारा सुरू झाला की पाय नुसता नाचतो. फाइव्ह टेन कंपनी मुळात कड्यावर चढणाऱ्यांचे बूट बनवायची, नावच क्लाइंबिंगच्या एका ग्रेडवरून आलंय, ते स्टेल्थ रबर सायकलच्या बुटाला लागलं आणि फ्लॅटवाल्यांचं जगच बदललं, सॅम हिलच्या पायात पण तेच. आता बाकीच्या कंपन्यांचेही चांगले चिकट सोल मिळतात. तुमच्याकडे एका वस्तूपुरतेच पैसे असतील तर बूट घ्या, पेडल राहू दे. पेडल मध्ये खोलगट आणि पिना धातूच्या असल्या की झालं, प्लास्टिकच्या बोथट पिना झिजल्या असतील तर मात्र बदला.

आणि तिसरी गोष्ट जी कोणीच सांगत नाही, कधीकधी पाय तुमच्या चुकीने उडतच नाही. मागच्या शॉकचा रिबाउंड (दाबल्यावर परत उघडायचा वेग) फास्ट ठेवला असेल तर सायकल प्रत्येक दगडानंतर खालून लाथ मारते. शिवाय फुल सस्पेन्शनमध्ये (मागेही शॉक असलेल्या सायकलमध्ये) मागचं चाक दाबलं गेलं की बऱ्याच डिझाइनमध्ये चेन ताणली जाते आणि क्रँक (पेडल जोडलेला दांडा) उलटा खेचला जातो, पेडल किकबॅक म्हणतात त्याला, पायाखाली कोणीतरी पेडल हिसकावतंय असं वाटतं. ग्विनच्या त्या बिनचेनच्या रननंतर ह्या विषयावर भरपूर चर्चा झाली, आणि आता तर ओचेनसारखी गॅजेट्स निघालीत जी क्रँकला तेवढी ढील देतात. म्हणजे बघा, क्लिपवर असलेल्या रेसर लोकांना सुद्धा हा त्रास होतो, त्यांचा पाय सुटत नाही इतकंच. रिबाउंडचा स्क्रू दोन क्लिक फिरवायला शून्य रुपये लागतात.

बनी हॉपचं फार बोलत नाही. क्लिपने सायकल नुसती वर ओढता येते, हॉपसारखं दिसतं, पण ती उडी नाही, उचलाउचली आहे. नीट हॉपमध्ये आधी पुढचं चाक, मग पायाचे अंगठे खाली करून पेडल मागे ढकलायचं की मागचं चाक आपोआप वर येतं. फ्लॅटवर शिकलात तर क्लिपवरही जमेल, उलटं केलेले लोक फ्लॅटवर आले की सायकल जमिनीवर आणि स्वतः हवेत.

'टेन्शन कमी ठेवलं की पाय आपोआप सुटतो.' नाही सुटत हो. एसपीडीमध्ये ३ एमएमच्या ॲलन कीने टेन्शन कमी होतं हे बरोबर, पण पाय सुटायला टाच बाहेर फिरवावी लागते, आणि घाबरलेला माणूस पाय फिरवत नाही, वर ओढतो. माझी पहिली क्लिपवाली सकाळ अशी. टेकडीच्या वाटेवर एक काका समोर आले म्हणून थांबलो, पाय काही निघेना, आणि झाड तोडल्यासारखा उभ्याचा आडवा झालो, शून्य स्पीडला. काकांनी वाकून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "पाय बांधलेत का तुम्ही?" मी म्हटलं हो. ते म्हणाले, "का?" आणि मला उत्तरच देता आलं नाही.

मल्टी रिलीज क्लीट येतात, शिमानोचे ५६ नंबरचे, ते वर ओढूनही सुटतात, पण मग ते नको तेव्हाही सुटतात, ऐन उडीत जोर लावला की खाडकन एक पाय मोकळा. टेन्शन कमी ठेवण्याचंही तेच. म्हणजे जो पाय उडू नये म्हणून क्लिप घेतली तो उडायची सोय परत तुम्हीच केली. हवेत एक पाय क्लिपमध्ये आणि एक बाहेर ही अवस्था दोन्ही पाय फ्लॅटवर असण्यापेक्षा खूप वाईट, आपटल्यावर सायकल एका बाजूने तुमच्यासोबतच येते.

आणि आपल्याकडचा पावसाळा धरा. काळी माती क्लीटच्या खोबणीत एकदा थापली गेली की बूट आत बसतच नाही, पेडलवर ठोक ठोक करत बसायचं, तेवढ्यात उतार सुरू. कोकणात जांभ्याच्या सड्यावर जुलैमध्ये शेवाळ चढतं तेव्हा वळणावर पाय पटकन खाली टेकवता येणं हाच विमा. मुरमाच्या सुट्या खड्यांवर तर हंगाम कुठलाही असो. उलट उन्हाळ्यात लांबलचक, कोरडा, नुसता आपटत नेणारा उतार असेल आणि तुम्हाला लाइन पाठ असेल तर क्लिप मस्त वाटते, पायाची चिंता डोक्यातून जाते आणि नजर लांब राहते. तो फायदा खरा आहे आणि मेसेजमध्ये नेमका तोच लिहिलेला नाही.

नडगी? फाटते. पिन लागली की कळ मस्तकात जाते आणि माझ्या डाव्या नडगीवर नकाशा आहे. शिनगार्ड घाला, गुडघ्यापासून खालपर्यंत येणारे मिळतात. नडगीची जखम आठवड्याभरात सुकते आणि क्लीट वाकडा बसवल्याने सुरू झालेलं गुडघ्याचं दुखणं महिनोन् महिने जात नाही, तोही फोटो टाकायला हवा होता मेसेजमध्ये, पण गुडघ्याचा फोटो निघत नाही.

तर भाच्याला मी सांगितलं, फ्लॅट ठेव, बूट घे, एक पावसाळा काढ. त्यानंतर रेस मारायची हुक्की आलीच तर क्लिप लाव, आजूबाजूला प्लॅटफॉर्म असलेली घे म्हणजे क्लिप न लागताही पाय टेकवता येतो, क्लीट बुटात जितका मागे जाईल तितका मागे बसव, आणि पहिला महिना सपाटीवर हिरवळ बघून पड. तो म्हणाला, "मामा, पण तुझ्या एका सायकलला क्लिप आहेत की." आहेत. लांबच्या राइडला वापरतो. गेल्या महिन्यात त्याच सायकलवर क्लीटचा एक बोल्ट सैल होऊन पडला होता आणि मला पत्ता नव्हता, एकाच बोल्टवर क्लीट बुटाखाली गोल फिरतो, टाच कितीही फिरवा, सुटत नाही. चहाच्या टपरीला टेकून, नाडी सोडून, पाय बुटातून काढला, आणि बूट पेडलला तसाच लटकत ठेवून एका मोज्यावर चहा प्यालो. टपरीवाल्याने ॲलन की आहे का विचारलं. घरी होती.