न्यातपोल उभे राहिले, पण बाकीच्यांचे काय?

२५ एप्रिल २०१५ च्या नेपाळमधील भूकंपाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: काठमांडू खोऱ्यातील जुनी मंदिरे जशीच्या तशी राहिली, पडल्या त्या सिमेंटच्या इमारती, पूर्वजांकडे भूकंपाला पुरून उरणारे शास्त्र होते आणि आपण ते गमावले. सोबत भक्तपूरच्या पाच छपरांच्या न्यातपोल मंदिराचे छायाचित्र असते. छायाचित्र खरे आहे, पण त्याखालचा मजकूर तपासायला हवा.

मंदिरे शाबूत राहिली, हे पहिले विधान. न्यातपोलपासून चालत काही मिनिटांवर, भक्तपूरच्याच दरबार चौकात, वत्सला दुर्गेचे दगडी शिखराचे मंदिर त्या दिवशी कोसळले. खोऱ्यातल्याच पाटण शहरात चार नारायण आणि हरिशंकर ही मंदिरे पडली. काठमांडूत त्रैलोक्यमोहन नारायणाचे मंदिर आणि ज्याच्यावरून शहराला नाव मिळाले तो काष्ठमंडप हा जुना लाकडी मंडप पडला. ढिगाऱ्याचे छायाचित्र अभिमानाने कोणी पुढे पाठवत नाही, म्हणून हिशेबात फक्त उभी राहिलेली मंदिरे येतात.

‘जशीच्या तशी’ हा शब्दप्रयोगही टिकत नाही. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने हे खोरे याआधीच उद्ध्वस्त केले होते, आणि आज प्राचीन म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अनेक वास्तूंची त्यानंतर डागडुजी किंवा थेट पुनर्बांधणी झालेली आहे. भीमसेन थापांनी बांधलेला धरहरा मनोरा १९३४ मध्ये पडला, पुन्हा उभारला गेला आणि २०१५ मध्ये पुन्हा पडला. भक्तपूरचा राजा भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये उभारलेले न्यातपोल दोन्ही वेळा टिकले हे खरेच, परंतु वरच्या भागाला इजा झालीच. रुंद पायऱ्यांचा चौथरा आणि वर निमुळती होत जाणारी, लाकडाने बांधून घेतलेली रचना यांचे श्रेय त्याला द्यावे. ते शेजारच्या प्रत्येक मंदिराला देता येत नाही.

सिमेंटच्या बाबतीत गफलत अधिक आहे. काठमांडू हे प्राचीन सरोवराच्या गाळावर वसलेले शहर असून २०१५ मध्ये त्या गाळात मुख्यतः संथ आंदोलने वाढली, ज्यांचा एक हेलकावा पूर्ण व्हायला चार-पाच सेकंद लागतात. बैठ्या घरांना, मग ती सिमेंटची का असेनात, त्यांचा तडाखा तुलनेने कमी बसला. उलट डोंगरी जिल्ह्यांत दगड आणि चिखलाने रचलेली पारंपरिक घरे मोठ्या संख्येने ढासळली. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: तिथेही माणसे गाडली गेली ती जाडजूड दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली.

मग जुन्या कारागिरांना काहीच कळत नव्हते का? कळत होते, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा पडलेल्या काष्ठमंडपाखालीच सापडला. उत्खननात त्याचा पाया सातव्या शतकाइतका जुना आणि भक्कम आढळला. मात्र छत पेलणाऱ्या चार मुख्य खांबांपैकी एक खांब आपल्या बैठकीच्या दगडावर टेकलेलाच नव्हता.