शिक्षा झाली, म्हणून पेन्शनही जावी का?

पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले काका शंकरनगर चौकातल्या कट्ट्यावर भडकलेच होते. "खून करून जेलात बसलेल्याले सरकार दर महिन्याले पेन्शन देऊन राहिलं! कायदा करा अन् टाका बंद करून."

वकीलभाऊंनी थांबवलं. "नियम आहे ना काका. 1982 चे राज्याचे निवृत्तिवेतन नियम, त्यातला 26 वा. पुढे वर्तणूक चांगली पाहिजे, ही अट प्रत्येक पेन्शनले असतेच. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर सरकार पूर्ण पेन्शन थांबवू शकते, नाहीतर तिचा काही भाग."

"म्हणजे साहेबाच्या मर्जीवरच!"

इथे काकांचं मला शंभर टक्के पटलं. एकाची सगळी पेन्शन जाते अन् दुसऱ्याची फाईल धूळ खात पडते, असं व्हायला जागाच नको. कायदा स्पष्ट हवाच. पण सरसकट बंदी? नाही. पेन्शन म्हणजे सरकारची मेहरबानी नाही, तो केलेल्या नोकरीचा हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं 1982 मध्येच नकारा खटल्यात सांगून ठेवलंय. रागाच्या भरात केलेला कायदा टिकतही नाही. अमेरिकेत अल्जर हिस या शिक्षा झालेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या प्रकरणानंतर 1954 मध्ये पेन्शन बंद करणारा असा कायदा झाला. 1972 मध्ये कोर्टानं म्हटलं, आधीच्या कृत्याला नंतरची शिक्षा लावता येत नाही, आणि हिसला पेन्शन मिळाली. आपल्याकडेही घटनेचं कलम 20 आहेच.

मी काकांना विचारलं, "तुमच्या पेन्शनीत घरी काय काय भागते?"

"काकूचं शुगरचं औषध, किराणा, लाईटबिल..." बोलता बोलता ते थांबले. मग एकदम म्हणाले, "अन् ज्याचा जीव गेला, त्याच्या घरच्यांचं औषध कोण आणून देईल?"

हा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देऊ नये. माझं म्हणणं एवढंच: खुर्चीत बसून लाच खाल्ली, पदाचा गैरवापर केला, तर कपात मोठी करा. पण गुन्ह्यात हात नसलेल्या बायकोपोरांचा वाटा कायद्यातच लिहून ठेवा, अन् कापलेल्या रकमेतून आधी पीडिताच्या घरी पैसे जाऊ द्या. आज ते पैसे तिजोरीतच राहतात.

मास्तर 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेले. ते म्हणाले, "माझी तर एनपीएस, म्हणजे नवी पेन्शन योजना. पगारातले 10 टक्के माझेच कापलेले असतात. तेही घ्याल का?"

काकासुद्धा म्हणाले, "नाही बाप्पा, ते तुह्या घामाचे."

"मग तुमची पेन्शन कोणाच्या घामाची, काका?"