‘मनोरुग्णाला वकील कशाला?’ या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मनोरुग्णाला स्वतःचं बरंवाईट कळत नाही, म्हणून तर तो दवाखान्यात आहे, त्याच्यासाठी वकील उभा करणं म्हणजे उपचारांत खोडा घालणं, डॉक्टर आणि घरचे काय ते ठरवतील. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण असल्या समजुतींपायी वॉर्डात माणसं अडकून पडतात, म्हणून हे मुद्दे सोडून देता येत नाहीत.

आधी ‘कळत नाही’ हा मुद्दा. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उलट बाजूने सुरुवात करतो. मानसिक आजार आहे म्हणून निर्णयक्षमता गेली, असं तो मानत नाही. माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम उमगतात का, निर्णय बोलून किंवा खुणेने सांगता येतो का, हे तपासायला सांगतो. कलम 4 मध्ये तर स्पष्टच म्हटलंय की निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही. ‘या गोळीने माझे हात थरथरतात, दुसरी द्या’ असं म्हणणाऱ्या माणसाला कळत असतं, आणि नीट कळत असतं. पण फाइलवर बहुधा एवढंच चढतं: ‘औषधास नकार’. आणि हे काही आजचं खूळ नाही. 1872 चा करार कायदासुद्धा, एरवी मन थाऱ्यावर नसलेला माणूस ते थाऱ्यावर असताना करार करू शकतो, असं मानतो.

‘वकील उपचार अडवतात’ हे म्हणणाऱ्यांनी एकदा अशा प्रकरणाची फाइल उघडून बघावी. रुग्णाच्या संमतीवाचून दाखल करायला कायदा परवानगी देतोच. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ हवा. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस, आणि त्या काळात दर सात दिवसांनी रुग्णाची क्षमता पुन्हा बघायची. वकील हेच शोधतो. दोन तपासण्या खरोखर वेगवेगळ्या झाल्या, की एकाच मजकुराखाली दोन सह्या आहेत? ‘स्वतःला किंवा इतरांना धोका’ असं लिहिलंय, पण काय घडलं ते कुठे लिहिलंय? दर आठवड्याची नोंद आहे का? तिसावा दिवस उलटून गेला तर पुढचा कागद कुठे आहे? हे प्रश्न चांगल्या डॉक्टरला अडचणीचे नसतात. त्याची फाइल आधीच तयार असते. शिवाय दाखल करण्याला आव्हान दिलं तर पुनर्विलोकन मंडळाने, म्हणजे अशा तक्रारी ऐकायला याच कायद्याने नेमलेल्या मंडळाने, सात दिवसांत निकाल द्यायचा असतो, सुनावणी बंद दाराआड होते, आणि तोवर उपचार थांबत नाहीत.

कोणी विचारलंच नाही तर काय होतं? आसाममधल्या एका माणसाला 1951 मध्ये अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. 1967 मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं. सुटका झाली नाही. रवानगी झाली गुवाहाटीच्या तुरुंगात. बाहेर यायला 2005 उजाडलं. डॉक्टरांचा कागद त्याच्या बाजूने होता, तरी 38 वर्षं तो कागद घेऊन कोर्टात उभं राहणारं कोणी नव्हतं. मला विचाराल तर वकील कशाला याचं उत्तर या एका प्रकरणात आहे.

‘घरच्यांपेक्षा भलं कोण चिंतणार?’ बहुतेक घरांत हे खरं असतं. रात्र-रात्र जागून थकलेली आई, कामधंदा सोडून बसलेला भाऊ यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रेम असलं की हातून चूक होत नाही, असं नाही. तमिळनाडूत एर्वाडीला, दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या एका खासगी जागेत, 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली आणि 28 रुग्ण गेले. साखळ्यांनी जखडलेले असल्यामुळे त्यांना पळताही आलं नाही. त्यांतल्या अनेकांना नातेवाइकांनीच बरं वाटेल या आशेने तिथे आणलं होतं. साखळीने बांधायला आता कलम 95 ने सक्त मनाई आहे. आणि प्रत्येक घर प्रेमाचं नसतं. जमिनीच्या वाटणीच्या तोंडावर अचानक ‘वेडी’ ठरलेली बहीण वकिलांना नवी नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘असा रुग्ण वकिलाला काय सांगणार?’ सांगतो. गोळ्यांची गुंगी उतरल्यावर भेटलात, एका वेळी एकच गोष्ट विचारलीत, घाई केली नाहीत, तर पुष्कळ सांगतो. वकिलाने त्याला काय हवं आहे ते मांडायचं असतं. त्याच्या भल्याचं काय हे स्वतःच ठरवून परस्पर बोलायचं नसतं. एरवी कुठल्याही पक्षकारासाठी हेच करतात.

या कामाला पैसे लागतात, हाही गैरसमज आहे. कलम 27 प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला मोफत विधी सेवेचा हक्क आहे आणि तो त्याला सांगणं ही दवाखान्याच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची, पोलिसांची, दंडाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. तुमचं माणूस आज दाखल असेल तर हे त्याला कोणी सांगितलं का, ते विचारा. सांगितलं नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तुम्हीच अर्ज करा.