तिकीट काढलं म्हणजे मैफल आपल्या मालकीची होत नाही

दिवाळी पहाटेचे कार्यक्रम आटोपले की ठाण्यातल्या गाणं ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला चार जणांकडून आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तिकीट काढलं म्हणजे मोबाईलवर गाणं टिपायचा हक्क आलाच, राग कुणाच्या मालकीचा नसतो, तेव्हा शास्त्रीय गाण्याला कॉपीराइट कसला, पैसे न कमावता युट्यूबवर टाकलं तर तो गुन्हा नाही, उलट कलाकाराला फुकटात प्रसिद्धी मिळते, आणि जुन्या रसिकांनी असंच चोरून टिपलं नसतं तर थोरामोठ्यांचं गाणं आपल्या कानावर पडलंच नसतं.

मी गेली पंधरा वर्षं ठाणे, डोंबिवली, वाशी इथल्या मैफलींत हार्मोनियमची साथ करतो. हा मजकूर पुढे पाठवणारे बरेचसे माझ्या ओळखीचे, गाण्यावर जीव असलेले लोक आहेत. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं.

तिकिटाचं पहिलं. तिकिटाने खुर्ची मिळते आणि त्या संध्याकाळचं गाणं ऐकायला मिळतं, बस. गडकरी रंगायतनला नाटकाचं तिकीट काढून कुणी अख्खा प्रयोग शूट करायला लागला तर शेजारचा प्रेक्षकच त्याला हटकेल. गाण्याच्या वेळी मात्र आपण गप्प बसतो.

आता राग. यमन कुणाच्या नावावर नाही, हे अगदी खरं. पण इथे प्रश्न रागाचा नाही, त्या दिवशी तो कसा मांडला गेला याचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क आला आणि २०१२च्या दुरुस्तीने तो नीट उलगडून सांगितला. आपल्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करणं, त्याच्या प्रती काढणं, ते लोकांपर्यंत पोहोचवणं, हे ठरवायचा हक्क कलाकाराचा. आज झालेल्या मैफलीवर तो पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ५० वर्षं राहतो. कलाकार कोण, याची यादी मला फार आवडते: नट, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला त्यात डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा माणूससुद्धा आहे. म्हणजे गायिकेचा जसा हक्क, तसाच मागे बसलेल्या तबलावादकाचाही. शिवाय बंदिश तिने स्वतः बांधलेली असेल तर त्या शब्दांवर आणि चालीवर तिचा वेगळा हक्क, तो तिच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं.

घरी ऐकायला टिपलं तर? तर कायदा तुमच्या बाजूने आहे. कलम ३९ स्पष्ट सांगतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिकपणे शिकण्या-शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी केलेलं मुद्रण हा हक्कभंग नाही. परीक्षणात छोटा तुकडा वापरायलाही मुभा आहे. रियाजासाठी ताना टिपून घेणाऱ्या विद्यार्थिनीला कुणी चोर म्हणू नये; मी तर तिला पुढे बसवेन. पण तीच फाईल ‘अपलोड’ झाली की ती खासगी राहत नाही.

“पैसे कुठे कमावले?” हे तर सर्रास ऐकू येतं. कलम ६३ वाचावं. जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून याहून कमी शिक्षा देऊ शकतं, एवढीच सवलत. मला कुणाला तुरुंगात पाठवायचं नाही. पण ‘गुन्हाच नाही’ हे खोटं आहे. आणि गायिकेच्या बाजूने पाहा. तिने लेखी तक्रार केली तर क्लिप दाखवणाऱ्या कंपनीने ३६ तासांत ती बंद करायची, असा नियम आहे. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा सुरू होऊ शकते. मैफलीचं मानधन वकिलाच्या पहिल्या भेटीतच संपेल. म्हणून बहुतेक जण मुकाट सोसतात.

प्रसिद्धीविषयी मला डोळ्यांदेखत पाहिलेलं सांगायचं आहे. नौपाड्यात एका घरी बैठक होती, जेमतेम चाळीस माणसं. गायिका महिनाभर घोळवत असलेली नवी बंदिश पहिल्यांदाच मांडत होती. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, शब्द निसटला. ती हसली, माझ्याकडे बघून मान हलवली, पुन्हा मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीवर आली, आणि दुसऱ्या खेपेला अंतरा असा काही लागला की मागच्या कोपऱ्यातले लोक ‘वा’ म्हणायचंही विसरले. दुसऱ्या दिवशी क्लिप फिरली ती शब्द निसटेपर्यंतची. पुढचं त्यात नव्हतंच. शिवाय मोबाईल आवाज आपणहून वरखाली करतो. हलका आलाप असला की पंख्याची घरघरही फुगवतो, तबल्याची थाप पडली की सगळंच दाबतो. त्या क्लिपमध्ये तानपुरा जवळजवळ ऐकूच येत नव्हता, आणि तानपुऱ्याशिवाय चांगला लागलेला सूरही अधांतरी वाटतो. तेव्हापासून समोर फोन दिसले की ती पक्के बसलेले रागच गाते. नवीन काही काढत नाही. यात नुकसान तिचं आहेच, त्याहून जास्त ऐकणाऱ्यांचं आहे.

राहिला जुन्या मुद्रणांचा मुद्दा, आणि इथे माझंही मन द्विधा होतं. जयपूर-अत्रौली घराण्याचे थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांचं मुद्रण उपलब्ध नाही, याची हळहळ मलाही आहे. घरोघरच्या स्पूल, म्हणजे टेपच्या रिळांनी, आणि कॅसेटींनी पुष्कळ काही वाचवलं, हेही मान्य. पण त्यातल्या कित्येक बैठकींत मशीन यजमानाचं असायचं, समोरच ठेवलेलं, गवयाला दिसणारं. त्या टेपा कपाटात राहिल्या, हातोहात फिरल्या. त्याच रात्री हजारो अनोळखी लोकांपुढे गेल्या नाहीत. आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांचं उदाहरण घ्या. मुद्रणाच्या बाबतीत त्या किती नाखूश असत, ते सर्वश्रुत आहे. तरी १९७७मध्ये अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत आपल्याकडचं गाणं गेलं ते त्यांचंच, ‘जात कहाँ हो’, भैरवीतलं. साडेतीन मिनिटांची ती ध्वनिमुद्रिका कुणी लपून टिपलेली नव्हती. ती त्यांनी मुद्रणासाठी बसून, स्वतः गाऊन दिलेली होती.

जतन करायचंच असेल तर आयोजकाने कलाकाराला विचारून मिक्सरवरून नीट मुद्रण करावं, एक प्रत तिच्या हाती द्यावी, आणि त्यातलं काय बाहेर जाईल ते तिला ठरवू द्यावं. ‘मोबाईल सायलेंटवर ठेवा’ एवढंच सांगून निवेदकाने थांबू नये. मागे वाशीत एका कार्यक्रमात गायिकेनेच सुरुवातीला सांगितलं, “शेवटची भैरवी खुशाल टिपा, तोवर फोन खाली ठेवा.” भैरवीला सगळा हॉल फोन वर करून बसला होता. पण त्याआधीचे दोन तास मला पेटीवरून मान वर केली की समोर माणसांचे चेहरे दिसत होते, आणि समेला हललेल्या माना.