तात्या, दुबईचं नाव काढू नका

गावच्या ग्रुपवर तात्यांनी परवा पुन्हा तोच मेसेज फिरवला. 'दुबईत व्हीपीएन वापरलं तर वीस लाख दिरहम दंड! म्हणून तिथे शिस्त आहे. आपल्याकडे कधी?' (व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवर आपला खरा पत्ता लपवणारी सोय.) खाली अंगठ्यांची रांग. तात्या निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या पंचक्रोशीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यांना उलटून कोणी बोलत नाही. पुण्यातला भाचा तेवढा बोलला, 'भारताचा उत्तर कोरिया झालाय.' मग दोन दिवस नुसती हमरीतुमरी. शेवटी कोणीतरी हर्णैला सुरमईचा भाव काय चाललाय ते विचारलं आणि सगळे तिकडे वळले.

माझं डोकं मात्र अजून तिथेच आहे. दाखला द्यायला सगळ्यांना दुबई लागते, पण इथे राहणाऱ्या माणसाला विचारावं असं कोणाला सुचत नाही. (मी शारजात राहतो, पण गावाला ती दुबईच.)

पहिली गोष्ट म्हणजे तो मेसेज अर्धवट आहे. इथे व्हीपीएन असणं हाच गुन्हा नाही. माझ्या कंपनीचा लॅपटॉप सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्हीपीएनवरच चालतो, बँकांचंही तेच. २०२१ च्या सायबर कायद्यात दंड आहे तो गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी खोटा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा खोटा ठावठिकाणा, वापरला तर, आणि तो पाच लाखांपासून वीस लाख दिरहमपर्यंत आहे, कैदही होऊ शकते. व्हॉट्सॲपवरून आईला फोन लावण्यासाठी व्हीपीएन चालू केलं तर ते कशात बसतं, हे वकिलाला विचारा. माझ्या फोनमध्ये काय आहे, ते मात्र विचारू नका.

इथे व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, फोटो जातो, पण कॉल लागत नाही. इंटरनेटवरून बोलायचं तर परवानगी असलेलंच ॲप वापरायचं. म्हणून आईच्या फोनमध्ये बोटीम टाकून दिलंय. ती हिरवं बटण सोडून आधी जाहिरातीवर बोट ठेवते, मग शेजारची वहिनी येते, मग मला अर्धा तास पडवीचं आढं आणि आईचं कपाळ दिसतं. 'दिसतोस रे, पण वाळलास,' ती म्हणते. माझं वजन इथे येऊन वाढलंय. खेड, मंडणगड, श्रीवर्धनची जी मंडळी इथे आहेत त्या सगळ्यांचं हेच, आणि कोणी तक्रार करत नाही. सवय झाली.

बंद असलेलं पान उघडायला गेलं की इथे सरळ पाटी येते, हे पान देशात बंद आहे म्हणून. मला ती पाटी आवडते, हे मी भाच्याला सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल. पण निदान बंद आहे हे कळतं. रस्ते गुळगुळीत, दिवे जात नाहीत, रात्री अकराला बायको एकटी सुपरमार्केटला जाऊन येते. त्या बदल्यात मी गप्प बसतो. मला मत नाही, नागरिकत्व नाही, नोकरी आहे तोवर व्हिसा आहे. सौदा मी उघड्या डोळ्यांनी केलाय आणि तो मला पगाराच्या रूपाने दर महिन्याला मिळतो.

तात्या, तुम्हाला काय मिळणार आहे? मी गप्प बसायचे पैसे घेतो. तुम्ही फुकट बसायला निघालात, आणि तेही मतदार असून.

आपल्याकडे बंदी कशी येते तेही बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आहे, त्याखाली सरकार संकेतस्थळ किंवा खातं बंद करू शकतं. २००९ च्या नियमांत तक्रार आणि कारवाई दोन्ही गुप्त ठेवायची तरतूद आहे. त्यामुळे पान उघडलं नाही तर नेट गेलं, साइट पडली की सरकारने बंद केली, हे सामान्य माणसाला कळायची सोय नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप बंद झाली, ती मात्र जाहीर झाली. त्याच महिन्याच्या ३ तारखेला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं होतं. दापोलीकडे विजेचे खांब आडवे झाले, कित्येक आठवडे वीज नाही, टॉवर बंद. वाडीतल्या एका पोराचे टिकटॉकवर बरेच चाहते होते, त्याला टिकटॉक गेल्याचं वीज आल्यावर कळलं. मी इथे, विमानं बंद, आणि घराचं छप्पर आहे की गेलं हे सांगायला माणूस नाही. तेव्हा कोणी बंदी घातली नव्हती, नुसते खांब पडले होते. तरी घरचं काहीच न कळणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून हेच हुकमाने झालं आणि फोर-जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात तिथे व्हीपीएन वापरणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले.

'लपवायचं काही नसेल तर व्हीपीएन कशाला?' हे तात्यांचं पेटंट वाक्य. आता व्हीपीएन करतं काय, तर कशेडीच्या बोगद्यासारखं: गाडी आत शिरली हे चौकीवरच्याला दिसतं, आत कोण बसलंय ते दिसत नाही. पलीकडच्या तोंडाशी उभा असलेल्याला, म्हणजे व्हीपीएन कंपनीला, मात्र गाडी दिसते, म्हणून फुकटातलं व्हीपीएन घेऊ नका, हेही सांगून ठेवतो. पण लपवायचं म्हणाल तर पालघर आठवा, आपल्याच कोकणपट्टीतलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक झाली. दोघी स्वतःच्या नावाने वावरत होत्या, लपवलं काहीच नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाने हे घडलं ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. आणि राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांनी रिफायनरीशी संबंधित बातमी दिली, ती छापून आली त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ ला, त्यांना गाडीखाली चिरडलं. तोंड बंद करायला आपल्याकडे वायर कापावी लागत नाही.

भाच्याचंही मला पटत नाही. त्याला वाटतं लोकशाहीत हे होत नसतं. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये प्रौढांच्या साइटींना वयाची तपासणी सक्तीची केली आणि लोक धावत व्हीपीएनकडे गेले. नेपाळने ४ सप्टेंबर २०२५ ला २६ समाजमाध्यमं बंद केली. आमच्या ऑफिसातला नेपाळी मुलगा चार दिवस बायकोशी व्हायबरवर नुसते मेसेज करत होता, कारण व्हायबरने तिथे नोंदणी केलेली होती. ८ तारखेला आंदोलनात १९ जण मेले, रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. तो मुलगा ऑफिसात रडला आणि नंतर आम्हाला चहा पाजला. आपल्याला असं कधी जमेल का, असं मनात आलं, आणि लगेच नको रे बाबा असंही.

खरी ठेच मला दुसरीकडेच लागली. वडिलांच्या नावची जमीन वारसांच्या नावावर करायची होती. त्यासाठी एक सरकारी संकेतस्थळ उघडायचं, तर ते परदेशातून उघडतच नाही. पाटीही नाही, नुसतं पांढरं पान. म्हणजे माझ्याच देशाने मला बाहेर ठेवलेलं. भारतातला पत्ता दाखवणारं व्हीपीएन घ्यावं, तर त्याचीही कथा आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सरकारी आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं साठवायला सांगितली, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. आता त्यांतल्या काहींचा 'भारत' सिंगापूरच्या मशिनीत असतो. सातबाऱ्यावर नाव लावायला मी शारजातून सिंगापूरमार्गे भारतीय होऊ बघतोय, हे तात्यांना कुठल्या तोंडाने सांगू? शेवटी धाकट्या भावानेच दापोलीला खेपा घातल्या.

हे सगळं मी भारताबद्दल लिहिलं, नावंगावं घेऊन, सरकारला नावं ठेवून. इथल्या नियमांबद्दल जे लिहिलंय ते कायद्यात छापलेलं आहे तेवढंच. उरलेलं मी लिहिणार नाही, मराठीतही नाही. पुढच्या वर्षी व्हिसा नवा करायचाय, आणि मुलगा नववीत आहे.