गवत माजलेल्या रानात पहिलं अवजार रोटाव्हेटर नको

पडीक राहून गवत माजलेल्या जमिनीबद्दल एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतो आहे. तो असा: "कंबरेएवढं गवत असो की झुडपं, सरळ रोटाव्हेटर घाला. गवत मुळासकट मरतं, मातीत मिसळून त्याचं खत होतं आणि दोन फेऱ्यांत रान पेरणीजोगं होतं. स्लॅशर, मल्चर हा नुसता खर्च आहे. ट्रॅक्टर ताकदीचा असला म्हणजे झालं." हे ऐकून काम केलं की अवजार तर बिघडतंच, पण त्याहून वाईट म्हणजे तण आधी होतं त्याच्यापेक्षा जास्त पसरतं. म्हणून यातला एकेक मुद्दा घेऊ.

"सरळ रोटाव्हेटर घाला."

पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा अवजार फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असताना रोटाव्हेटरचा रोटर, म्हणजे पाती लावलेला आडवा दांडा, मिनिटाला साधारण २०० ते २५० फेरे घेतो. म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटर. माती उकरायला एवढा वेग पुरतो. उभ्या गवताला मात्र पलीकडून टेकू नसतो. या वेगाने पातं लागलं की गवत तुटत नाही, वाकतं आणि रोटरला गुंडाळलं जातं. स्लॅशर म्हणजे आडव्या फिरणाऱ्या पात्यांनी उभं गवत छाटणारं अवजार. त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला ७० मीटरच्या घरात फिरतं, गवताला वाकायला सवडच मिळत नाही.

गुंडाळी कुठे होते तेही पाहा. ट्रॅक्टर बंद करून, रोटाव्हेटरखाली ठोकळे लावून वाकून बघितलं तर रोटरच्या दोन्ही टोकांना, बेअरिंगच्या घराशी, दोरखंडासारखं पिळलेलं गवत दिसतं. इतकं घट्ट की कोयत्यानेच तोडावं लागतं. हेच गवत फिरता फिरता ऑइल सीलच्या फटीत शिरतं. सील गेलं की बाजूच्या चेन किंवा गिअरच्या डब्यातलं तेल झिरपतं, त्या वाटेने माती आत जाते आणि बेअरिंग बसतं. गवतात दडलेला दगड किंवा जुनी तार लागली तर पाती वाकतात, ते वेगळंच.

"गवत मुळासकट मरतं."

हे कोणत्या गवताबद्दल, ते सांगायलाच हवं. बियांपासून दरवर्षी उगवणारं, उथळ मुळांचं कोवळं गवत रोटाव्हेटरने खरंच मरतं. पण बरीच वर्षं पडीक राहिलेल्या जमिनीत राज्य असतं हरळी, कुंदा आणि लव्हाळ्याचं. हरळीची एक काशी, म्हणजे जमिनीखाली पसरणारं खोड, उपटून बघा: दर बोट-दीड बोटावर पेर, आणि प्रत्येक पेराशी डोळा. रोटाव्हेटर त्या काशीचे वीतभर लांबीचे नव्हे, बोटभर तुकडे करतो, ओल्या मातीत नीट पुरतो आणि रानभर पसरवतो. जिथे ठिगळं होती तिथे गालिचा होतो. लव्हाळ्याचं तर आणखी अवघड. त्याच्या गाठी जमिनीखाली साखळीने जोडलेल्या असतात आणि साखळी अखंड असेपर्यंत बऱ्याच गाठी झोपलेल्या राहतात. साखळी तुटली की त्या एकेकट्या जाग्या होतात.

काशांचा खरा इलाज ऊन. वरचं गवत कापून झालं की कोरड्या, तापलेल्या दिवसांत पलटी नांगराने २० ते २५ सेंटीमीटर खोल नांगरट करावी, ढेकळं फोडू नयेत, तशीच तापू द्यावीत. दोन-तीन आठवड्यांनी फणांचा कल्टिव्हेटर उभा-आडवा घालून काशा वर ओढाव्यात, वेचाव्यात आणि रानाबाहेर वाळवाव्यात. बांधावर ओल्या टाकल्या तर तिथूनच परत येतात. जमीन ओली असताना हे काम करू नये. उलटलेली काशी वाळायच्या ऐवजी रुजते. कुंद्याची मुळं फार खोल जातात, त्यामुळे एका हंगामात तो संपेल अशी आशा धरू नये.

"मातीत मिसळून खत होतं."

होतं, पण लगेच नाही. वाळलेल्या गवतात कर्ब भरपूर आणि नत्र थोडं. ते कुजवणारे जीवाणू लागणारं नत्र मातीतूनच उचलतात आणि नुकतंच पेरलेलं पीक पिवळं पडतं. शिवाय गवताला बी धरलेलं असेल तर ते बीही आपणच हाताने पेरतो. म्हणून कापणी बी धरायच्या आधी, फुलोरा दिसू लागताच करावी.

"स्लॅशर, मल्चर हा नुसता खर्च."

ही अवजारं दरवेळी विकत घ्यावी लागत नाहीत, एका कामापुरती भाड्याने घेतली तरी चालतं. कोणतं घ्यायचं, ते रानात काय उभं आहे आणि नंतर तिथे काय करायचं आहे, यावर ठरतं.

मोठं गवत, मधूनच अंगठ्याएवढ्या जाडीची झुडपं आणि खाली दगडगोटे असतील तर स्लॅशर. त्याची पाती चकतीला बोल्टवर मोकळी टांगलेली असतात, खोड किंवा दगड लागला की मागे वळतात. पात्याला वस्तऱ्यासारखी धार असण्याची गरज नसते, तशी केली तर दगडावर लगेच मोडते. त्याचा दोष असा की तो लांब काड्यांच्या ओळी मागे सोडतो. त्या काड्या पुढे नांगरात आणि कल्टिव्हेटरच्या फणांत अडकतात, म्हणून आधी गोळा कराव्या लागतात.

लगेच नांगरायचं असेल किंवा चुरा जमिनीवर आच्छादन म्हणून ठेवायचा असेल तर मल्चर. त्याचा रोटर मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फिरतो आणि गवताचा बारीक चुरा करून सारखा पसरतो. निव्वळ गवताला वाय आकाराची पाती, झुडपं असतील तर हातोडीची. मात्र तो सावकाश चालतो, ताशी तीन-चार किलोमीटर, आणि ताकद जास्त खातो. चारा हवा असेल तर दात्यांच्या पट्टीचं कापणी यंत्र बरं, पण वारुळं आणि दगड असलेल्या रानात ते नेऊ नये.

पहिली फेरी १५ सेंटीमीटर उंचीवर घ्यावी. जमिनीवर काय आहे ते तेव्हा कळतं. दुसरी सात-आठ सेंटीमीटरवर. स्लॅशरची पुढची कड मागच्या कडेपेक्षा एक-दोन सेंटीमीटर खाली ठेवावी. मागची कड खाली राहिली तर कापलेलंच गवत पुन्हा पुन्हा कुटलं जातं. सुरुवातीला रान पायी फिरून खड्डे, खुंट, तार यांच्या जागी काठ्या रोवणं चुकवू नका. स्लॅशरने फेकलेला दगड शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो, तेवढ्या अंतरात माणूस किंवा जनावर नको.

"ट्रॅक्टर ताकदीचा असला म्हणजे झालं."

हिशेब इंजिनच्या नव्हे, पीटीओच्या अश्वशक्तीचा करायचा असतो. ती इंजिनपेक्षा साधारण १५ टक्के कमी भरते. स्लॅशरला फुटामागे पाच-सहा आणि मल्चरला आठ ते दहा अश्वशक्ती धरावी. अवजाराची रुंदी मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांइतकी तरी हवी, नाहीतर टायरखाली दबलेलं गवत तसंच राहतं.

ताकद जास्त असेल तेव्हा उलट शिअर बोल्टची, म्हणजे जास्त ताण आला की स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवणाऱ्या बोल्टची, काळजी जास्त घ्यावी लागते. तो सारखा तुटतो म्हणून कडक पोलादाचा बोल्ट घालतात. मग पुढच्या खुंटाला बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स फुटतो. पीटीओचा क्लच वेगळा नसलेल्या ट्रॅक्टरवर आणखी एक धोका असतो. क्लच दाबला तरी स्लॅशरची जड चकती फिरत राहते आणि ट्रॅक्टरलाच पुढे ढकलते. बांधाशी वळताना हे जिवावर बेततं. तिथे चकतीचा जोर उलट ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा ओव्हररनिंग क्लच बसवल्याशिवाय कामाला सुरुवात करू नये.

दर तासाला रेडिएटरची जाळीही बघावी. गवताचं बी आणि भुसा तिथे थापतो, इंजिन तापतं. आणि सायलेन्सरजवळ साचलेला वाळका भुसा पेट घेऊ शकतो.

रोटाव्हेटरची पाळी येते ती काशा वेचून झाल्यावर. तेव्हा जमीन वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी, असावी, खोली १० ते १२ सेंटीमीटर, आणि एकच फेरी. ओल्या मातीत तोच तोच फिरवला तर पात्यांच्या खाली घट्ट थर धरतो आणि पाणी मुरत नाही. उताराच्या जमिनीत मात्र तो सगळ्या रानावर घालूच नये. तिथे उताराला आडवे पट्टे सोडून काम करावं आणि मधल्या पट्ट्यांतलं गवत नुसतं स्लॅशरने कापावं, म्हणजे त्याची मुळं माती धरून ठेवतात.